कोळशाची खाण आणि रुपेरी पडदा

कोळशाची खाण आणि चित्रपटगृह यांचा परस्परांशी वरवर पाहता काहीच संबंध दिसत नाही. तरीही एका बाबतीत त्यांचे साम्य आहे: दोहोंचा व्यवहार अंधारात चालतो. चित्रपटगृहातील अंधाराशी आपला सर्वांचा परिचय आहे. खाणीतील अंधार मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. धनबाद, राणीगंज, छिंदवाडा किंवा चंद्रपूर या कोळशाच्या मुलखात आयुष्य घालविलेल्या पुष्कळ लोकांनीही खाणीचे तोंड तेवढे पाहिलेले असते. त्या तोंडातून खाली उतरणाऱ्या माणसांचे जग त्यांनाही ऐकूनच ठाऊक असते. त्यामुळे खाण कशी असते, तेथे संकट कसे येते आणि माणसे कशी मरतात किंवा वाचतात, याविषयी सामान्य माणसाच्या मनातील चित्र बहुतांशी पडद्यावरून आलेले आहे. हे चित्र कितपत खरे आहे, हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. ज्या संकटाचे कारण लोकांना कळत नाही, त्या संकटाविरुद्ध लोकमतही उभे राहत नाही. म्हणून आधी खाणीतील धोके समजून घ्यावेत आणि मग पडद्याकडे वळावे, हे उचित होय.

भूमिगत खाणीत उतरण्याचे मार्ग दोन. एक, विहिरीसारखा सरळ खाली गेलेला, ज्याला झरिया-राणीगंजकडचे कामगार ‘चानक’ म्हणतात. आणि दुसरा, उतरता बोगदा. कोळशाचा थर लागला, की त्यात उभ्या-आडव्या गल्ल्या खणीत जावयाचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडावयाचे, ही आपल्या देशातील रूढ पद्धती. वरच्या साऱ्या भूमीचा भार या खांबांवर असतो. पुढे एक दिवस हे खांबही काढून घेतले जातात आणि छत मागे मागे कोसळू दिले जाते. ज्या खांबांनी माणसाला इतके दिवस जगविले, तेच कापण्याचे हे काम असल्यामुळे खाणकामाचा हा सर्वांत जोखमीचा टप्पा समजला जातो.

साहजिकच खाणकामगाराचा पहिला शत्रू म्हणजे त्याच्या डोक्यावरील छत. छताला धनबादकडे ‘चाल’ म्हणतात, आणि ‘चाल धसली’ हे शब्द तेथील घराघरांत धास्तीने उच्चारले जातात. अनुभवी कामगार काठीने छत ठोकून पाहतो. खणखणीत नाद आला तर खडक घट्ट आहे. पोकळ, बसका आवाज आला तर थर सुटला आहे, असे तो ओळखतो. भूमिगत खाणींच्या इतिहासात छत आणि बाजू कोसळून मेलेल्यांची संख्या फार मोठी आहे. पण ही माणसे एकेक, दोनदोन करून मरतात. अशा मृत्यूची बातमी वृत्तपत्रांच्या कोपऱ्यात दोन ओळींत संपते आणि त्यावर चित्रपट निघत नाही.

दुसरा शत्रू वायू. लक्षावधी वर्षांपूर्वी दडपलेल्या वनस्पतींचा कोळसा होत असता त्यात मिथेन नावाचा वायू निर्माण होऊन अडकून राहिला. थर फोडला की तो बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वासही नाही. हवेहून हलका असल्यामुळे तो छताशी जाऊन साठतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले, तर एका ठिणगीने स्फोट होतो. इंग्लंडमध्ये १८१२ साली फेलिंग येथील खाणीत अशा स्फोटात ९२ माणसे व मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर १८१५ साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रसिद्ध सुरक्षादीप सिद्ध केला. ज्योतीभोवती बारीक तारांची जाळी बसविली असता ती ज्योतीची उष्णता शोषून घेते आणि बाहेरच्या वायूला आग लागत नाही, हे त्याचे साधे पण विलक्षण तत्त्व. शिवाय ज्योतीभोवती निळसर टोपी दिसू लागली की वायू आहे, हा इशाराही दिव्यानेच मिळे. परंतु या शोधाची कथा येथेच संपत नाही. सुरक्षादीप मिळताच, पूर्वी ज्या वायुयुक्त थरांत जाण्याचे धाडस कोणी करीत नसे, तेथे मालक माणसे पाठवू लागले, आणि स्फोटांचे अरिष्ट अपेक्षेप्रमाणे सरले नाही. साधन मनुष्याला वाचविते, की त्याला अधिक खोल संकटात नेण्याचे निमित्त ठरते, हे ते साधन कोणाच्या आणि कोणत्या हेतूच्या हाती आहे यावर अवलंबून असते.

तिसरा शत्रू कोळशाची धूळ. वायूचा लहानसा स्फोट झाला, की त्याच्या धक्क्याने गल्ल्यांच्या भिंतींवर बसलेली धूळ उडते, पेट घेते, पुढची धूळ उडविते, आणि अशा रीतीने आग मैलच्या मैल धावत जाते. फ्रान्सच्या उत्तर भागातील कूरिएर येथे १० मार्च १९०६ रोजी हेच घडले. त्या एका सकाळी १,०९९ माणसे प्राणांस मुकली. त्यांतील पुष्कळ मुले होती. युरोपच्या खाणींच्या इतिहासात याहून मोठी दुर्घटना झालेली नाही. आपल्याकडे बोकारो क्षेत्रातील धोरी खाणीत २८ मे १९६५ रोजी झालेल्या स्फोटात २६८ कामगार दगावले. या धुळीवरचा उपाय मात्र अगदी साधा आहे. गल्ल्यांत चुनखडीची पांढरी भुकटी पसरली, की ती कोळशाच्या धुळीत मिसळून तिची ज्वलनशक्ती नाहीशी करते. प्रश्न असतो तो ही भुकटी नियमितपणे पसरली जाते की नाही, एवढाच. स्फोटातून जो वाचतो, त्याच्यामागे कार्बन मोनॉक्साइडचा विषारी वायू लागतो. हा वायू ओळखण्यासाठी पूर्वी खाणीत कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे नेत. माणसाच्या आधी पक्षी मूर्च्छित पडे, आणि तेवढ्या अवधीत माणसे मागे फिरत.

चौथा शत्रू पाणी. जुनी खाण सोडून दिली, की वर्षानुवर्षे तिच्यात पाणी साठत राहते. तिच्या शेजारी किंवा तिच्याखाली नवी खाण चालू असली, तर दोहोंमध्ये उरते ती फक्त कोळशाची भिंत. ही भिंत किती जाड आहे, हे नकाशावरून कळावयाचे. आणि जुना नकाशा चुकीचा, अपुरा किंवा हरवलेला असला, तर खाली काम करणारा मनुष्य अक्षरशः आंधळेपणाने जलाशयाच्या दिशेने कुदळ चालवीत असतो. म्हणूनच १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी, पाण्याची शंका असलेल्या जुन्या खोदकामापासून ६० मीटरांच्या आत लेखी परवानगीवाचून काम करण्यास मनाई केली. या नियमापूर्वीचा अनुभव ताजा होता. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ कामगार बुडाले होते. तेव्हा त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. नियम झाल्यावरही, १९५८ च्या फेब्रुवारीत लागोपाठ दोन दिवसांत दोन आघात झाले: १९ तारखेला बंगालमधील चिनाकुडीला स्फोट आणि २० तारखेला झरियातील सेंट्रल भौरा खाणीत जलप्रलय. नियम कागदावर उतरणे आणि तो पाचशे फूट खाली उतरणे, यांत किती अंतर असते, याची ती जाणीव होती.

या चार शत्रूंना सोबत करणारा एक पाचवा आहे, आणि तो सर्वांत निःशब्द आहे. कोळशाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसांत बसते, फुप्फुसे हळूहळू काळी व कठीण होत जातात, आणि मनुष्य चाळिशी-पन्नाशीतच दम लागून खाटेवर पडतो. हा रोग बरा होत नाही. अमेरिकेत १९६८ साली फार्मिंग्टन येथील स्फोटात ७८ कामगार मृत्यू पावल्यावर जी चळवळ उभी राहिली, तिच्यातून १९६९ चा खाण आरोग्य व सुरक्षा कायदा झाला, आणि या रोगाने ग्रासलेल्या कामगारांना भरपाईचा हक्क मिळाला. म्हणजे सावकाश मरणाऱ्यांकडे जगाचे लक्ष जाण्यासाठीसुद्धा एकदम मरणाऱ्यांची आहुती पडावी लागली.

आता चित्रपटांकडे पाहू. या विषयावरील आरंभीच्या थोर कृतींत जी. डब्ल्यू. पाब्स्ट या दिग्दर्शकाच्या १९३१ मधील ‘कामेराडशाफ्ट’ या चित्रपटाची गणना होते. नावाचा अर्थ सहबंधुत्व. कथेचा आधार कूरिएरचाच. त्या दुर्घटनेनंतर जर्मनीतील वेस्टफालियाची बचाव पथके खरोखरच फ्रेंच खाणकामगारांच्या मदतीस धावून गेली होती. पाब्स्टने ही घटना पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात आणून सीमेवर ठेवली. जमिनीखालीही दोन राष्ट्रांच्या खाणींमध्ये लोखंडी गजांचा अडसर आहे, आणि जर्मन कामगार तो तोडून पलीकडच्यांना वाचविण्यास जातात. फ्रेंच पात्रे फ्रेंच बोलतात, जर्मन पात्रे जर्मन. मृत्यूच्या दाढेत सापडलेला एक फ्रेंच कामगार, वायूचा मुखवटा घातलेला जर्मन बचावकर्ता समोर दिसताच त्याला रणांगणावरील शत्रू समजून त्याच्यावर झेपावतो. या एका प्रसंगात युद्धाची सारी भीषणता आली आहे. मूळ चित्रपटाच्या शेवटी अधिकारी येतात, आणि तो गजांचा अडसर शिस्तीने पुन्हा बसविला जातो. पुढे काही प्रतींतून हा शेवट गाळण्यात आला, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे.

या चित्रपटातील गल्ल्या स्टुडिओत उभारलेल्या होत्या, आणि ते अपरिहार्यच होते. वायुयुक्त खाणीत साधी विद्युत् उपकरणे नेता येत नाहीत. प्रत्येक दिवा, प्रत्येक बटण ठिणगी बाहेर पडणार नाही अशा आवरणात असावे लागते. चित्रणाला लागणारा झगझगीत उजेड तेथे कोठून मिळावयाचा? परिणामी पडद्यावरील खाण नेहमीच खऱ्या खाणीपेक्षा अधिक उजळ आणि अधिक उंच असते. पडद्यावर कामगार ताठ उभे राहून संवाद बोलतात. पातळ थराच्या खाणीत मात्र माणसे पाठीचा कणा वाकवून, प्रसंगी रांगत काम करीत आली आहेत. टोपीवरील दिव्याने उजळते तेवढेच वर्तुळ त्यांचे जग असते. ही उणीव दिग्दर्शकांच्या प्रामाणिकपणाची नाही. दिसणे हाच ज्या कलेचा प्राण, तिला न दिसणारी जागा दाखवावयाची आहे, ही मुळातली अडचण आहे.

याच अडचणीतून दुसरी गोष्ट उद्भवते. मिथेन डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसातील धूळ दिसत नाही, छताचा सैल झालेला थर कोसळेपर्यंत दिसत नाही. पाणी मात्र दिसते. ते येते, चढते, गल्लीगल्लीतून धावते. त्याच्याशी झुंजणारा मनुष्य पडद्यावर शोभून दिसतो. त्यामुळे खाणीवरील चित्रपटांत जलप्रलयाला मानाचे स्थान मिळाले. कॅरल रीड यांनी १९४० मध्ये ए. जे. क्रोनिन यांच्या कादंबरीवरून काढलेला ‘द स्टार्स लुक डाउन’ हा इंग्रजी चित्रपट याचा उत्तम नमुना होय. क्रोनिन हे व्यवसायाने डॉक्टर. खाणींचे वैद्यकीय निरीक्षक म्हणून त्यांनी हे जग जवळून पाहिले होते. म्हणून त्यांच्या कथेतील संकटाचे मूळ अचूक आहे. जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामाचा नकाशा मालकापाशी आहे, आणि तो तो दडवून ठेवतो. पुढील वर्षी आलेल्या जॉन फोर्ड यांच्या ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’ या चित्रपटाने वेल्समधील एका खाणकामगार कुटुंबाची कथा सांगितली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळविला. युद्धामुळे वेल्समध्ये चित्रण अशक्य झाल्याने ते सारे गाव कॅलिफोर्नियात उभारले होते. तथापि हिरव्या दरीवर खाणीच्या काळ्या मातीचे ढिगारे वर्षागणिक कसे पसरत जातात, हे त्यात ज्या संथ व्याकुळतेने दाखविले आहे, तिला तोड नाही. खाण फक्त खाली उतरणाऱ्यांना गिळत नाही, वरचे गावही गिळते, हे सत्य त्या चित्रपटाने सांगितले. झरियाच्या जमिनीखाली आग लागल्याची पहिली नोंद १९१६ सालची आहे. ती आग अद्याप धुमसते आहे, आणि वरची घरे भेगाळत आहेत. झरियावासीयांना ही दरी परकी वाटणार नाही.

आपल्या देशातील लोकांच्या मनावर खाणीचे चित्र कोरले ते यश चोप्रा यांच्या १९७९ मधील ‘काला पत्थर’ने. सलीम-जावेद यांची कथा, अमिताभ बच्चन, शशी कपूर आणि शत्रुघ्न सिन्हा यांच्या भूमिका, असा तो थाट होता. त्याची प्रेरणा अवघ्या चार वर्षांपूर्वीची होती. २७ डिसेंबर १९७५ रोजी दुपारी धनबादजवळच्या चासनाला खाणीत प्रचंड जलसाठा मधली भिंत फोडून आत घुसला, आणि अधिकृत नोंदीनुसार ३७५ कामगार मृत्यू पावले. पाणी उपसण्यासाठी परदेशांतून पंप आणावे लागले. मृतदेह हाती लागण्यास आठवडेच्या आठवडे गेले. बाहेर तोंडाशी बसलेल्या बायकामुलांनी ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

‘काला पत्थर’चा नायक आपले जहाज वादळात सोडून पळाल्याच्या कलंकाने पोळलेला एक कप्तान आहे. प्रायश्चित्त म्हणून तो खाणीत मजुरी करतो. अभियंता धोक्याची सूचना देतो, लोभी मालक ती धुडकावतो, पाणी घुसते, आणि पूर्वी पळालेला मनुष्य या वेळी पळत नाही. कथा म्हणून ही रचना बळकट आहे. मजुराच्या अंगावरची काळी धूळ, हजेरीची रांग, सावकारी, जखमांवर उपचारांचा अभाव हे सारे त्या चित्रपटाने लोकांच्या डोळ्यांपुढे आणले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु एका बाबतीत पडदा आणि वास्तव यांची फारकत झाली. चित्रपटातील मालक एक खासगी धनिक आहे. चासनाला खाण मात्र इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीची होती, आणि त्या कंपनीचा कारभार १९७२ पासून सरकारच्या हाती होता. देशातील बहुतेक कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरणही १९७३ पर्यंत झालेले होते.

हा भेद किरकोळ नाही. खलनायक एक असला, की प्रेक्षकाचा संताप त्याच्यावर एकवटतो, आणि त्याचे पारिपत्य झाले की मन हलके होते. खऱ्या खाणीत मात्र भिंत किती जाड ठेवावी हे ठरविणारा एक, नकाशा तपासणारा दुसरा, उत्पादनाचे आकडे मागणारा तिसरा आणि निरीक्षण करणारा चौथा असतो. चूक या चौघांच्या मधल्या फटीत राहते. चासनालाच्या खटल्यात धनबादच्या न्यायालयाने दोन माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरविले ते २०१२ साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी. अडीच तासांच्या कथेत इतका विलंब कोठे सामावणार? पण मृतांच्या कुटुंबांना तो सोसावा लागला.

या नामावळीत एक कथा सुटकेची आहे. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी घुसले. ७१ कामगार खाली अडकले. त्यांतले सहा बुडाले आणि ६५ जण उंचवट्यावर जीव मुठीत धरून बसले. जसवंतसिंग गिल या अभियंत्याने वरून एक छिद्र पाडून त्यातून पोलादी पिंजरा सोडण्याची कल्पना मांडली. माणूस जेमतेम उभा राहील एवढाच तो अरुंद पिंजरा. १६ नोव्हेंबरला गिल स्वतः त्यातून खाली उतरले, एकेक करून सर्वांना वर पाठविले आणि मग आपण वर आले. २०१० साली चिली देशातील खाणीतून ३३ कामगारांची सुटका झाली तीही अशाच पिंजऱ्यातून. गिल २०१९ साली निवर्तले. त्यांच्या या पराक्रमावर २०२३ मध्ये ‘मिशन रानीगंज’ हा चित्रपट निघाला. येथे नायक कल्पनेतून आणावा लागला नाही; तो वास्तवातच होता. तरीही सुटकेच्या कथेचा एक मोह असतो. ६५ जण वर आल्याच्या आनंदात, मुळात पाणी आले कसे आणि सहा जण का बुडाले, हा प्रश्न मागे पडतो. शौर्याची गरज जेथे वारंवार लागते, तेथे दक्षता कोठेतरी कमी पडलेली असते.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून निघतो, आणि भूमिगत कामगारांची संख्या घटली आहे. उघड्या खाणीत मिथेनचे किंवा छताचे भय तितकेसे नाही. तेथे भय आहे ते ढासळणाऱ्या उतारांचे आणि अवजड वाहनांचे. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहाल खाणीत मातीचा प्रचंड ढिगारा घसरून २३ जण गाडले गेले. दुसऱ्या टोकाला मेघालयातील उंदराच्या बिळांसारख्या खाणी आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली त्यांना मनाई केली. तरीही १३ डिसेंबर २०१८ रोजी तेथील क्सान गावच्या अशाच बेकायदा खाणीत पाणी शिरले आणि आत अडकलेले कामगार जिवंत परतले नाहीत. त्या खाणीचा विश्वसनीय नकाशाच नव्हता. १९५४ च्या न्यूटन चिखलीपासून २०१८ च्या क्सानपर्यंत पाणी शिरण्याचा मार्ग तोच राहिला: शेजारी साठलेले पाणी आणि मधल्या भिंतीविषयी अज्ञान किंवा बेफिकिरी.

चित्रपटाने खाणकामगाराला चेहरा दिला, ही त्याची मोठी कामगिरी आहे. आकडा ऐकून मन हलत नाही. वर येणाऱ्या पाळण्याकडे डोळे लावून उभ्या असलेल्या एका बाईचा चेहरा पाहून ते हलते. पण हललेल्या मनाने पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. हवा मोजली होती काय, भुकटी टाकली होती काय, छत ठोकून पाहिले होते काय, नकाशा खरा होता काय? हे प्रश्न रुक्ष आहेत, आणि त्यांच्यावर पल्लेदार संवाद लिहिता येत नाहीत. आपल्या देशातील निम्म्याहून अधिक वीज अजून कोळशावरच निर्माण होते. ज्या विजेवर चित्रपटगृहातील पडदा उजळतो, तिच्यापाठीमागे अद्याप कोणीतरी टोपीला दिवा लावून खाली उतरत असतो. तो पाळी संपवून वर येईल की नाही, याचा निर्णय या रुक्ष प्रश्नांच्या उत्तरांवर होत असतो, आणि ती उत्तरे मागण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे.